सागजडी
सागजडी म्हणजे सागाच्या साधारण एक वर्षाच्या रोपाची, थोडे खोड व लांब सोटमूळ राखून केलेली, लागवडीयोग्य छाट होय. सागाची नुसती फांदी सहजासहजी मुळे धरत नाही. म्हणून या पद्धतीत मूळच जपले जाते. गोंदिया जिल्हा सागाच्या नैसर्गिक पट्ट्यात मोडतो. १९७४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळानेही येथे सागाची लागवड केली आहे.

रोपवाटिका
सागाच्या फळाचे कवच कठीण असते. त्यामुळे फळे आळीपाळीने पाण्यात भिजवून, उन्हात वाळवून मगच गादीवाफ्यावर पेरतात. पुढील पावसाळ्याच्या तोंडाशी रोपे खणून काढतात व साधारण अंगठ्याएवढ्या जाडीची निरोगी रोपे निवडतात. धारदार कोयत्याने खोडाचा २ ते ३ सेंमी व सोटमुळाचा १५ ते २० सेंमी भाग ठेवून उरलेला भाग आणि उपमुळे छाटतात. पाने नसल्यामुळे जडी लवकर सुकत नाही. ओल्या पोत्यात गुंडाळून ती दूरच्या वनक्षेत्रात नेता येते.

लागवड
पहिल्या चांगल्या पावसानंतर पहारीने भोक पाडून जडी लावतात व सभोवतालची माती घट्ट दाबतात. पोकळी राहिल्यास मूळ सुकते किंवा पाणी साचून कुजते. साचलेले पाणी सागाला सोसत नाही. म्हणून धानाच्या बांधीत लावलेली जडी टिकत नाही. निचरा होणाऱ्या धुऱ्यावर वा उतारावर ती जगते. एकाहून अधिक कोंब फुटल्यास सर्वांत जोमदार कोंब राखून बाकीचे काढतात. तोच पुढे वृक्षाचे खोड होतो.