सायकलची वाट आणि एसटीची वेळ

शाळा सुटायच्या वेळी जामसंडे बाजारपेठेत दहा मिनिटे उभे राहिले की आजचा विषय डोळ्यांसमोर येतो. देवगड-निपाणी राज्यमार्ग इथे गावातूनच जातो. बंदरावरून आलेला मासळीचा टेम्पो, हंगामात आंब्याच्या पेट्यांनी भरलेली पिकअप, सुट्टीत पर्यटकांच्या मोटारी, आणि या सगळ्यांच्या कडेकडेने दप्तर पाठीला लावून सायकलवरून जाणारी मुले. आरोग्याच्या सदरात रस्त्याचे काय काम, असे कुणी म्हणेल. पण मूल चालते-फिरते राहणे आणि ते धडपणी घरी येणे, या दोन्ही आरोग्याच्याच गोष्टी आहेत.

वाढत्या मुलाला रोज सरासरी तासभर अंगमेहनत हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरापासून तीन-चार किलोमीटरवर शाळा असेल तर जाऊन-येऊन निम्मा तास सायकलवर सहज जातो. आपल्याकडच्या चढांवर जास्तच. म्हणजे निम्मा डोस वेगळा वेळ न काढता पोटात गेला! मोठ्यांनाही रक्तदाब, साखर आणि वजन यांसाठी सायकल चांगली. मात्र हे औषध घ्यायचे कुठे, हाच खरा प्रश्न आहे.

थोडे गणित करू. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते, म्हणजे एका एसटीच्या लांबीहून जास्त. समोर मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद तर जातोच. तेवढ्यात एवढे अंतर संपलेले असते आणि ब्रेक लागायचा अजून बाकी असतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. पावसात रस्त्यावर लाल चिखल आला की त्याहून अधिक. वाहनांचा सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते, हाही जागतिक आरोग्य संघटनेचाच हिशेब. शाळेजवळचा गतिरोधक गाडीवाल्यांना डोकेदुखी वाटतो. वाटू दे. डोके फुटण्यापेक्षा ती बरी.

दुसरी गोष्ट साईडपट्टीची. पावसाळ्यात डांबराच्या कडेची माती वाहून जाते आणि तिथे वीतभर खोल कड तयार होते. मागून हॉर्न वाजला की मूल घाबरून डावीकडे घेते, चाक कडेवरून उतरते, आणि परत वर चढवताना सायकल आडवी पडते ती थेट रस्त्यावर. म्हणून मुलांना शिकवावे, की डाव्याच बाजूने जावे, पण अगदी कडेवरून नव्हे. दीड-दोन फूट आतून, एका रांगेत. पिशवी हँडलला अडकवू नये. एका हातात छत्री धरून सायकल तर कधीच चालवू नये. पिवळा किंवा तसाच उठून दिसणारा रेनकोट घ्यावा. मागे लाल रिफ्लेक्टर आणि दोन्ही ब्रेक चालू हवेत. डोक्यावर मापाचे, पट्टा लावलेले हेल्मेट असावे. मुले हसतात, तरी असावे.

आता एसटीकडे येऊ. वाडीवरून शाळेला रोज दहा-बारा किलोमीटर येणाऱ्या मुलाला सायकल हा उपाय नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, इतर विद्यार्थ्यांना पासात मोठी सवलत आहे. 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते! शाळेच्या वेळेला गाडी नसली तर पास खिशात राहतो आणि पोरगा पंधराव्या वर्षी बापाची मोटारसायकल काढतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2021-22 च्या संपात पाच महिन्यांहून अधिक काळ एसटी विस्कळीत होती. गाडी नसली की काय होते, ते तेव्हा सर्वांनी पाहिले. औषधाला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचेही तेच होते. गाडी चुकली की रक्तदाबाच्या गोळ्या पुढच्या आठवड्यावर जातात, आणि मध्ये चार दिवस नागा पडतो.

माझ्या मते आपल्या गावांना सोयीचा मार्ग या दोहोंच्या मध्ये आहे: वाडीपासून फाट्यापर्यंत सायकल आणि फाट्यावरून एसटी. वाडीचा रस्ता अरुंद, पण तिथे वेग कमी. त्यासाठी थांब्यावर शेडबरोबर सायकली कुलूप लावून ठेवायला एक पाईप बसवला तरी पुरे. थांबा वळणावर नको, आणि गाडी रस्त्याबाहेर घेण्याएवढी जागा हवी. एसटीतून उतरलेली मुले गाडीच्या पुढून किंवा मागून धावत रस्ता ओलांडतात आणि समोरून येणाऱ्याला ती दिसतच नाहीत. गाडी निघून जाईपर्यंत थांबायचे, एवढे घरी पुन्हापुन्हा सांगावे.

फेरीच्या वेळेसाठी अर्ज आगार व्यवस्थापकांकडे द्यावा. त्यात किती मुले, कोणत्या थांब्यावरून, शाळा भरण्याची व सुटण्याची वेळ, हे लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यावी. नुसत्या ‘गाडी सुरू करा’ या अर्जापेक्षा आकडे असलेला अर्ज जड असतो. साईडपट्टी, वळणावरची झाडी आणि गतिरोधक यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे लिहावे. गावातल्या दिव्यांसाठी नगरपंचायतीकडे. पोच घ्यायला विसरू नये. आपल्याकडे शाळा आणि पाऊस जूनमध्ये बरोबरच सुरू होतात, म्हणून हे अर्ज एप्रिलमध्येच गेलेले बरे.