औषध 'गरम पडलं' तर ते कुठे कळवायचं?

"डॉक्टर, त्या गोळ्या गरम पडल्या. अंगभर पुरळ उठलं, मग मी बंदच केल्या." अंधेरी असो वा मुलुंड, कुठल्याही दवाखान्यात हे वाक्य नेहमी ऐकू येतं. डॉक्टर गोळी बदलून देतात, पुरळ बसतं आणि विषय संपतो. त्या औषधाबद्दल तुम्हाला जे कळलं, ते मात्र घराबाहेर कुणालाच कळत नाही.

आरोग्याचं बरंचसं शास्त्र सामान्य माणसांनी दिलेल्या माहितीवर उभं आहे. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या भागांतल्या तीन वॉर्डांत कोरोनाच्या अँटीबॉडी तपासल्या. सुमारे ६,९०० जणांनी रक्त दिलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या, इतर वस्तीत १६ टक्के. संसर्ग किती पसरलाय, हे नोंद झालेल्या रुग्णांच्या आकड्यावरून कळलंच नसतं. झोपडपट्टीत ठरवलेले सगळे नमुने मिळाले, इमारतींमध्ये मात्र सुमारे ७० टक्केच. ज्या घरांनी रक्त दिलं नाही, तिथलं चित्र अंदाजानेच मांडावं लागतं.

तेव्हा टीम दारात आली होती. औषधांच्या बाबतीत कुणी येत नाही, तुम्हालाच कळवावं लागतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पक्षी पाहून त्यांची ॲपवर नोंद करणारी हौशी मंडळी जे करतात, ते हेच. याला 'सिटिझन सायन्स' म्हणजे नागरिक विज्ञान म्हणतात.

पण औषध तर चाचण्या होऊनच बाजारात येतं ना? येतं. मात्र त्या चाचण्या काही शे किंवा काही हजार लोकांवर होतात. वीस हजारांत एखाद्यालाच होणारा त्रास तिथे बहुधा दिसतच नाही. तो दिसतो लाखो लोक औषध घेऊ लागल्यावर, आणि तोही कुणी कळवला तरच. यासाठी भारतात २०१० पासून 'फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया' चालतो.

त्याचा उपयोग काय, याचं उदाहरण तुमच्या घरातच असेल. पाळीच्या दुखण्यासाठी मेडिकलमधून सर्रास आणली जाणारी मेफेनॅमिक ॲसिडची गोळी. अशा नोंदी तपासून नोव्हेंबर २०२३ मध्ये इशारा देण्यात आला की, या औषधाने क्वचित 'ड्रेस सिंड्रोम' होऊ शकतो. यात ताप येतो, पुरळ उठतं, गाठी सुजतात, यकृतासारख्या अवयवांनाही इजा होते. औषध सुरू केल्यानंतर साधारण दोन ते आठ आठवड्यांनी हे दिसतं, म्हणून गोळीशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. ही प्रतिक्रिया दुर्मीळ आहे. गोळी घेणाऱ्या प्रत्येकीने घाबरून जाऊ नये.

कळवायचं असेल तर १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो. औषधाचं नाव, ते कधी सुरू केलं, त्रास कधी झाला, सोबत आणखी कोणती औषधं चालू होती, हे लिहा. आयुर्वेदिक काढा किंवा जिमची पावडरही त्यात आली! बॅच नंबर लागतो, म्हणून गोळ्यांची स्ट्रिप फेकू नका. तुमची ओळख गुप्त राहते. त्रास त्याच औषधाने झाला हे सिद्ध करणं तुमचं काम नाही, शंका पुरेशी आहे. आपण विचारून मग कळवू असं म्हणत बहुतेक जण थांबतात आणि मग राहूनच जातं.

बीपी, साखर, फिट किंवा टीबीची औषधं मात्र शंकेवरून स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तोंडात फोड आले किंवा कातडी सोलायला लागली तर लगेच हॉस्पिटल गाठा आणि जाताना ती स्ट्रिप सोबत घ्या. फॉर्म नंतर भरता येतो.