सुरू होते, पण टिकत नाही!

सेकंडहँड बाजारातून घेतलेली गाडी काही दिवस सुरळीत चालते आणि एके दिवशी सकाळी सुरू होताच बंद पडते. पुन्हा सेल्फ मारावा, तर पुन्हा तेच. अशा वेळी बॅटरी बदलण्याचा सल्ला हमखास मिळतो. वास्तविक इंजिन एकदा सुरू झाले, याचा अर्थ बॅटरी आणि स्टार्टर बहुतांशी शाबूत आहेत. दोष आहे तो इंजिन सुरू राहण्यात. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळेच प्लग, कॉइल, पंप असे सुटे भाग अंदाजाने बदलले जातात आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो.

तपासणीचा पहिला प्रश्न, गाडी नेमकी केव्हा बंद पडते? किल्ली 'स्टार्ट'वर धरलेली असताना इंजिन चालते आणि हात सोडून ती 'ऑन'वर येताच थांबते, असे असेल तर संशय झिजलेल्या इग्निशन स्विचवर घ्यावा. प्रत्येक वेळी घड्याळ लावल्याप्रमाणे एक-दोन सेकंदांनी इंजिन बंद होत असेल आणि डॅशबोर्डवरील किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल, तर ते चोरीप्रतिबंधक इमोबिलायझरचे काम असण्याची शक्यता मोठी. किल्लीच्या डोक्यात बसवलेली इवलीशी चिप गाडीच्या संगणकाला ओळख पटवून देते. ओळख पटली नाही, तर काही गाड्यांत इंजिन सुरूच होत नाही. काहींत क्षणभर सुरू होऊन इंधन तोडले जाते. जुन्या गाडीच्या व्यवहारात ही शंका अधिकच रास्त ठरते, कारण मूळ किल्ली हरवल्यावर बाजारातून स्वस्तात करून घेतलेली किल्ली दार उघडते, पण तिच्यातील चिप नोंदवलेली नसते. दुसरी मूळ किल्ली लावून पाहणे ही फुकटातील चाचणी आहे.

इंजिन थरथरत, अडखळत बंद पडत असेल, तर मामला हवेचा किंवा इंधनाचा. तो ओळखण्याची युक्ती सोपी आहे. सुरू करताना ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरावा. तेवढ्याने इंजिन टिकत असेल, तर पाय काढल्यावर त्याला लागणारी थोडीशी हवा मिळत नाही, असे समजावे. थ्रॉटल बॉडीत साचलेली काजळी किंवा आयडलिंगची हवा नियंत्रित करणारा अडकलेला व्हॉल्व्ह ही त्याची नेहमीची कारणे. साफसफाईचा खर्च नव्या भागाच्या तुलनेत किरकोळ असतो. मात्र सफाईनंतर काही गाड्यांत आयडलिंगची नोंद संगणकाला नव्याने शिकवावी लागते. ते न झाल्यास गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालते आणि बिचाऱ्या मेकॅनिकवर खापर फुटते. बॉनेटखाली फुसफुस आवाज येत असेल, तर तडकलेली किंवा उंदराने कुरतडलेली व्हॅक्यूमची नळी शोधावी. केवळ पेट्रोल भरल्यानंतरच ही तक्रार उद्भवत असेल, तर टाकीतील वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहिल्याचे ते लक्षण असू शकते.

रेस देऊनही इंजिन मरत असेल, तर इंधनाकडे वळावे. किल्ली 'ऑन' केल्यावर बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागील आसनाखालून दोन-तीन सेकंद बारीक गुंजन ऐकू येते; तो टाकीतील पंपाचा आवाज. तो आला नाही, तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत. आवाज येतो म्हणून दाब पुरेसा आहे, असे मात्र नव्हे. दाब गेज लावूनच मोजावा लागतो आणि ते काम गॅरेजमध्येच व्हावे, कारण नळीत पेट्रोल दाबाखाली असते. इथेनॉल ओलावा शोषून घेते. त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीतील जुने पेट्रोलही संशयापलीकडे नाही. डिझेल गाडीत फिल्टरमधील पाणी किंवा नळीत शिरलेली हवा हाच खेळ करते.

मुंबई-पुण्याकडील वाचकांसाठी सीएनजीचा मुद्दा वेगळा मांडायला हवा. सिक्वेन्शियल किट बसवलेल्या अनेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन तापल्यावर आपोआप गॅसवर जातात. 'पेट्रोल लागतेच कुठे' म्हणून टाकी कायम तळाशी ठेवली जाते. टाकीतील पेट्रोल पंपाला थंडही ठेवते. ते नसल्याने पंप लवकर झिजतो. इंजेक्टरही न वापरल्याने चोंदतात. म्हणून पेट्रोलवर सुरू होताच गाडी बंद पडते की गॅसवर जाण्याच्या क्षणी, हे आधी पाहावे. दुसऱ्या प्रकारात दोष किटकडे असतो आणि तेथे अधिकृत तंत्रज्ञाखेरीज कोणीही हात घालू नये.

स्कॅनर लावला की सारे उलगडते, हाही एक गोड गैरसमज. स्कॅनर कोणत्या मापनात गडबड आहे ते सांगतो, कोणता भाग बदलायचा ते नव्हे. मिश्रणात हवा जास्त असल्याचा कोड फाटक्या नळीमुळेही येतो आणि दुबळ्या पंपामुळेही. तपासणी चालू असताना वारंवार सेल्फ मारत राहू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे नुकसान करते. बंदिस्त गॅरेजमध्ये तर इंजिन चालवून पाहूच नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गाडी अजून घ्यायची असेल, तर ती थंड इंजिनावर सुरू करून पाहण्याचा आग्रह धरावा. विक्रेत्याने 'आताच धुऊन आणली' म्हणत गरम गाडी पुढे केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. किल्ली 'ऑन' करताच चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर कोणीतरी त्याची सोय करून ठेवली आहे, असे समजण्यास हरकत नाही. जुने कोड नुकतेच पुसले असल्यास स्कॅनरवर गाडीच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दिसतात. आणि दोन्ही मूळ किल्ल्या हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.