चार दिवसांचे चित्रपटगृह

पुण्याच्या पश्चिमेला, सूस आणि नांदे या गावांच्या परिसरात वसलेले मुळशी तालुक्यातील चांदे हे एक लहान गाव आहे, आणि महाराष्ट्रातील अशा लहान गावांच्या चित्रपटगृहांचा इतिहास लिहायला घेतला, तर पहिली अडचण इमारतीचीच येते. शहरातील जुन्या चित्रपटगृहाला कोनशिला असते, मालकी बदलल्याचे दस्त असतात आणि ते पाडले गेले तरी निदान त्याची जागा दाखवता येते. गावातले चित्रपटगृह मात्र बहुधा कापडाचे असे. ते जत्रेच्या एक-दोन दिवस आधी उभे राही आणि जत्रा पांगली की ट्रकमध्ये भरून पुढच्या गावाला जाई. लोक त्याला ‘तंबू’ किंवा ‘तंबू टॉकीज’ म्हणत, तर तिकिटावर आणि जाहिरातीवर ‘टुरिंग टॉकीज’ असे भारदस्त नाव छापलेले असे. पुणे जिल्ह्याच्या खेड्यांतील प्रेक्षकाला सिनेमाचे मुख्यतः दोनच पत्ते ठाऊक होते, एक पुण्याच्या पेठांमधले पक्के थिएटर आणि दुसरा जत्रेच्या माळावरचा तंबू. यांपैकी पहिल्याचा इतिहास बऱ्यापैकी लिहिला गेला आहे आणि दुसऱ्याचा फारसा लिहिला गेलेला नाही.

वास्तविक या दोहोंमध्ये वडीलकीचा मान तंबूकडे जातो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला, त्या वेळी केवळ चित्रपटासाठी बांधलेली वास्तू भारतात कोठेच नव्हती, आणि पुढची काही वर्षे हे नवे साधन नाट्यगृहांत, सभागृहांत आणि मोकळ्या मैदानांवरील राहुट्यांतच दाखवले जात होते. अब्दुल्लाली युसुफअली या व्यावसायिकाने १९०१ पासून आग्नेय आशियात आणि १९०८ पासून भारतात तंबू घेऊन भ्रमंती केली. त्याचा तंबू सुमारे १०० फूट लांब व ५० फूट रुंद असून त्यात हजारभर माणसे बसत. हाच अब्दुल्लाली १९१४ मध्ये मुंबईत स्थिरावला आणि अर्देशीर इराणी यांच्या भागीदारीत चित्रपटगृहांच्या धंद्यात उतरला. या दोघांनी उभारलेल्या मॅजेस्टिक चित्रपटगृहातच १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला. ज्या माणसाने तंबूतून सुरुवात केली, त्याच्याच पक्क्या इमारतीत बोलपटाचा जन्म व्हावा, यावरून भारतीय चित्रपटगृहाची वंशावळ तंबूपाशी कशी पोचते ते कळते.

पुण्यात पक्के चित्रपटगृह आले ते १९१५ मध्ये, जेव्हा बापूसाहेब पाठक यांनी मंडईच्या परिसरात ‘आर्यन’ सुरू केले. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात सर्वांसाठी खुला झाल्याला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. १९१७ साली फाळक्यांचा ‘लंकादहन’ आर्यनमध्ये लागला, तेव्हा गर्दीने दरवाजा मोडायचीच वेळ आणली असे सांगतात. मंडईलगतची ही जागा अर्थपूर्ण होती, कारण भाजीपाला घेऊन आसपासच्या गावांहून येणारा शेतकरी माल विकल्यावर सिनेमा पाहूनच परत जाऊ शकत असे. पुढे मिनर्व्हा, भानुविलास, विजयानंद अशी चित्रपटगृहे शहराच्या जुन्या भागात नावारूपाला आली आणि १९३४ मध्ये सरदार किबे यांच्या वास्तूत प्रभात टॉकीज सुरू झाले. आर्यन आणि मिनर्व्हा यांची नावे आज मंडईच्या वाहनतळांना उरली आहेत, आणि प्रभातची वास्तू २०१४ च्या अखेरीस किबे कुटुंबाकडे परत गेल्यानंतर ‘किबे लक्ष्मी’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

शहरात इतकी चित्रपटगृहे असताना गावाला तंबूची गरज का पडावी, याचे उत्तर अंतरापेक्षा वेळापत्रकात अधिक सापडते. शहराजवळच्या खेड्यातील पुरुष बाजाराच्या निमित्ताने पुण्याला जात असत. परंतु रात्रीचा खेळ पाहून परतायला वाहन नसे आणि बायकामुलांना घेऊन जाणे तर त्याहून अवघड होते. दुसरीकडे, हजार-दोन हजार वस्तीच्या गावात कायमचे चित्रपटगृह बांधणे कोणालाच परवडण्यासारखे नव्हते, कारण पहिल्या आठवड्यातच सगळे गाव चित्रपट पाहून मोकळे झाले असते आणि पुढच्या चित्रपटाची पेटी येईपर्यंत खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. तंबूने हा हिशेब उलटा मांडला: प्रेक्षकाने चित्रपटगृहाकडे जाण्याऐवजी चित्रपटगृहानेच प्रेक्षक जमलेल्या ठिकाणी जावे. सुगी झालेली, हातात चार पैसे आलेले, पाहुणेरावळे घरी उतरलेले आणि लेकीबाळी माहेरी आलेल्या, असा योग ग्रामदैवताच्या जत्रेतच जुळून येत असल्याने फिरत्या सिनेमाचे पंचांग हे जत्रांचे पंचांग झाले. सातारा जिल्ह्यातील पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या मोठ्या यात्रांत एका माळावर अनेक तंबू शेजारी शेजारी लागत आणि त्यांच्यात गिऱ्हाइकासाठी चुरस होई. हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन चैत्र-वैशाखात भरास येई आणि पावसाळ्यात बंद पडे, कारण कापडाखाली पाऊस सोसत नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या मुळशीसारख्या धो-धो पावसाच्या तालुक्यात तर हा नियम अधिकच काटेकोर होता.

तंबूवाल्याला सोबत आणावी लागणारी सर्वांत महत्त्वाची वस्तू पडदा नव्हे, तर वीज होती. या बाबतीत मुळशी तालुक्याच्या इतिहासात एक विसंगती दडलेली आहे. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ पासून शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, तरीही धरण झाले, आणि या पाण्यावर भिरा येथील केंद्रात तयार होणारी वीज १९२७ पासून मुंबईकडे जाऊ लागली. तालुक्याच्या पाण्यातून निघालेली वीज घाट उतरून महानगराकडे गेली, आणि खेड्यातल्या तंबूला मात्र आपला पडदा उजळण्यासाठी तेलावर चालणारे इंजिन आणि डायनामो गाडीत घालून आणावा लागे. ग्रामीण विद्युतीकरण स्वातंत्र्यानंतर हळूहळू पसरत गेले, आणि वीज पोचल्यावरही तंबूवाले जनित्र सोबत ठेवीत, कारण ऐन खेळात दिवे गेले तर पैसे परत मागायला प्रेक्षक उशीर करीत नसत.

तंबूची रचना साधी पण विचारपूर्वक केलेली असे. मधोमध उंच खांब, त्यांवर ताडपत्रीचे किंवा जाड कापडाचे छत, भोवती कनाती, एका टोकाला पांढरा पडदा आणि दुसऱ्या टोकाला प्रक्षेपकाचा ट्रक. पुष्कळदा प्रक्षेपक, म्हणजे ज्याला सगळे ‘मशीन’ म्हणत ते यंत्र, ट्रकच्या हौद्यातच पक्के बसवलेले असे, त्यामुळे गाडी माळावर उभी केली की निम्मे चित्रपटगृह तयार होई. जमिनीवर बसणाऱ्यांचे तिकीट स्वस्त, मागे खुर्च्या टाकल्या असतील तर त्यांचे महाग, आणि बायकांची बाजू दोरी किंवा कनात लावून वेगळी केलेली. दुपारपासून कर्ण्यावर गाण्यांच्या तबकड्या वाजत आणि मधूनमधून चित्रपटाचे व नटनट्यांचे नाव आणि तिकिटाचा दर पुकारला जाई. खेळ अंधार पडल्याशिवाय सुरू करता येत नसे, कारण कापडातून झिरपणारा उजेड पडद्यावरचे चित्र पुसून टाकी. म्हणून पहिला खेळ सूर्यास्तावर आणि दुसरा पहिल्याच्या शेवटावर अवलंबून असे, आणि मोठ्या जत्रेत तिसऱ्या खेळाचे प्रेक्षक पहाटे घरी पोचत.

यंत्राचे काम समजून घेतले तर या धंद्यातील कसब ध्यानात येते. बोलपटाच्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रे असतात आणि प्रक्षेपक दर सेकंदाला २४ चित्रे दाखवतो, म्हणजेच सेकंदाला दीड फूट आणि मिनिटाला ९० फूट फिल्म यंत्रातून सरकते. हजार फुटांचे एक रीळ अशा रीतीने ११ मिनिटांत संपते, आणि अडीच तासांच्या चित्रपटाची लांबी साडेतेरा हजार फुटांच्या घरात जाते. शहरी चित्रपटगृहात दोन यंत्रे असत आणि एकावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर उमटणाऱ्या ठिपक्याच्या खुणेवर ऑपरेटर दुसरे चालू करी. तंबूत एकच यंत्र असले तर रीळ बदलेपर्यंत खेळ थांबे आणि प्रेक्षकांना एकाऐवजी अनेक मध्यंतरे मिळत. प्रकाशासाठी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी अखंड पेटती ठेवावी लागे. कांड्या जळून आखूड होत, त्यांच्यातले अंतर वाढे आणि चित्र मंदावू लागे, तेव्हा ऑपरेटरला त्या सतत पुढे सरकवाव्या लागत. तंबूकडे येणारी प्रत शहरांत फिरून झिजलेली असल्यामुळे तिच्या कडेची छिद्रे फाटलेली असत आणि ती मध्येच अडके; अडकलेल्या चित्रावर दिव्याची उष्णता पडली की पडद्यावर नायिकेच्या गालावर तपकिरी डाग उठून पसरू लागे, तंबूत शिट्ट्या सुरू होत, आणि ऑपरेटर जळका तुकडा कापून दोन टोके द्रावणाने चिकटवून पुन्हा यंत्र चालू करी. अशा प्रत्येक जोडाबरोबर चित्रपट काही चित्रांनी आखूड होत जाई, आणि शेवटच्या गावाला जो चित्रपट दिसे तो पहिल्या गावाने पाहिला होता तेवढा उरलेला नसे.

ही सारी हालचाल कायद्याच्या चौकटीत चाले. सुरुवातीची फिल्म नायट्रेटची असून ती भडकन पेट घेत असल्याने आगीची भीती खरी होती, आणि १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ अधिनियमाने सेन्सॉरबरोबरच जागेच्या सुरक्षिततेसाठी परवाना आवश्यक केला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सहज न पेटणारी फिल्म रूढ झाली, तरी वाळूच्या बादल्या आणि बाहेर पडण्याचे मोकळे मार्ग यांचा आग्रह योग्य कारणासाठी टिकून राहिला. मुंबई राज्यात १९५३ मध्ये चित्रपटगृहांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा झाला आणि जिल्ह्याच्या पातळीवर परवाना देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे राहिला. मुंबई इलाख्यात १९२३ पासून लागू झालेला करमणूक कर तिकिटामागे वसूल होत असे, आणि तो १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येईपर्यंत निरनिराळ्या दरांनी चालू होता. थोडक्यात, तंबू कापडाचा असला तरी त्याचा पाया कागदांचा होता: परवाना, जागेची परवानगी, कराचा भरणा आणि वितरकाशी केलेला प्रतीच्या भाड्याचा करार.

तंबूत कोणते चित्रपट चालत, यावरून ग्रामीण अभिरुचीचा अंदाज बांधता येतो. प्रभातच्या पुण्यातील स्टुडिओत तयार झालेल्या ‘संत तुकाराम’ला १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळाला, त्यातली इंद्रायणी, टाळ आणि गाथा तर वारी करणाऱ्या गावाला घरचीच होती. अनंत माने यांचा १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशापट पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. जत्रेत एका बाजूला तमाशाचा फड आणि दुसऱ्या बाजूला पडद्यावरचा तमाशा, अशी मजेशीर स्पर्धा या प्रकारच्या चित्रपटांनी लावून दिली. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’च्या वेळी प्रेक्षकांनी चपला बाहेर काढून ठेवल्याच्या आणि पडद्यावर फुले-नाणी उधळल्याच्या हकीकती देशभरातून आल्या, तर दादा कोंडके यांच्या विनोदाने आणि १९९१ च्या ‘माहेरची साडी’ने मराठी चित्रपटाला खेड्यांतून पुन्हा गर्दी मिळवून दिली. सासुरवाशिणीची ही कथा माहेरी जत्रेला आलेल्या लेकींनी आईच्या शेजारी बसून पाहावी, याहून नेमका प्रेक्षक त्या चित्रपटाला शहरात मिळणे कठीण होते.

तंबूची उतरती कळा एका कारणाने लागली नाही. १९८०च्या दशकात व्हिडिओ आला आणि एका खोलीत वीस-पंचवीस माणसांना बसवून कोणीही खेळ लावू लागला, १९८७ पासून दूरदर्शनवरील ‘रामायण’ने लोकांना घरातच जमायची सवय लावली, त्यानंतर उपग्रह वाहिन्या, स्वस्त व्हीसीडी आणि शेवटी मोबाइल आले. तरीही जत्रेतली गर्दी तंबूला काही काळ तगवून होती, आणि निर्णायक घाव घातला तो तंत्राने, कारण डिजिटल प्रक्षेपण आल्यावर २०१० नंतरच्या काही वर्षांत वितरकांनी फिल्मच्या प्रती काढणे जवळपास थांबवले आणि चांगले चालणारे यंत्र दाखवायला काही नसल्यामुळे निकामी झाले. या संक्रमणाचे चित्रण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात केले असून महाराष्ट्रातील फिरत्या टॉकीजवरचा हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. त्याच्या आधी, २०१३ मध्ये, गजेंद्र अहिरे यांच्या ‘टुरिंग टॉकीज’ या मराठी चित्रपटाने हेच जग कथारूपात मांडले होते.

दरम्यान चांद्याच्या आसपासचा भूगोल बदलला. मुळशी तालुक्यातील हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान नगरी उभी राहिली, शहर पश्चिमेकडे सरकले, आणि ज्या पट्ट्यातून एकेकाळी रात्रीच्या खेळाला जाणे अवघड होते, त्याच्या जवळ बहुपडदा चित्रपटगृहे आली. चित्रपट जपण्याची सोयही पुण्यातच झाली. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांबरोबर भित्तिपत्रके आणि गाण्यांची पुस्तकेही सांभाळली. प्रतीची पेटी अशी संग्रहालयात जाऊ शकली, पण माळ, कनात आणि दुसऱ्या खेळाची वेळ यांना तेथे जागा नाही. हा इतिहास कोणाला जमवायचा असेल, तर त्याने ग्रामपंचायतीच्या जुन्या ठरावांत जत्रेच्या जागाभाड्याच्या नोंदी, जिल्हा कचेरीत परवान्यांच्या फाइली आणि घरोघरी साठी ओलांडलेल्या बायकांच्या आठवणी शोधाव्यात. त्यांना चित्रपटाचे साल बहुधा सांगता येणार नाही. परंतु त्या वर्षी घरात कोण जन्मले, कोणाचे लग्न ठरले आणि पडद्यासमोर कोणत्या बाजूला गोणपाट अंथरले होते, हे त्या सांगतील, आणि त्यावरून साल काढता येईल.