विमान उतरले, पुढे काय?

"उतरल्यावर न्यायला कोण येणार?"

गोव्याला विमानाने जायचे ठरले तेव्हा चाळीतल्या आयाबायांनी नाना प्रश्न विचारले. कानात कापूस घालायचा का, पोटात कालवते का, आत खायला देतात का. आमच्या सासूबाईंनी मात्र एवढा एकच प्रश्न विचारला. वय वर्षे त्र्याहत्तर. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होत्या. थोरल्या नातीने पहिल्या पगारातून तिकिटे काढली होती.

"आई, रिसॉर्टची गाडी येणार आहे. फोनवर सगळे ठरले आहे," मी म्हणाले.

"चिठ्ठी पोचली का पण?"

मुले हसली. मी हसले नाही, कारण ही चिठ्ठी कुठली ते मला ठाऊक होते. वाचक भगिनींनो, तुम्हालाही ठाऊक असेल. १९०१ साली लहानगे भीमराव, त्यांचे भाऊ आणि दोन भाचे साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरले. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला, दुष्काळी कामावर रोखपाल होते. मुलांनी येण्याचा दिवस चिठ्ठीने कळवला होता. नवे कपडे घालून मुले स्टेशनवर वाट पाहत बसली आणि न्यायला कुणीच आले नाही. चिठ्ठी नोकराला मिळाली होती, ती त्याने सुभेदारांना दिलीच नव्हती! मग स्टेशनमास्तरांना जात कळली आणि एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दामदुप्पट भाडे आणि वर अट अशी की गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. मुले दुसऱ्या दिवशी वडिलांपाशी पोचली. बाबासाहेबांनी स्वतः ही हकिकत 'वेटिंग फॉर ए व्हिसा' या टिपणात लिहून ठेवली आहे.

चाळीसगावचा टांगाही त्याच टिपणात आहे. साल १९२९. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सभासद होते, तरी स्टेशनवरचा टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. वस्तीतल्या माणसांनी टांगा भाड्याने घेतला आणि सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला. पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. आमच्या सासूबाईंना या दोन्ही गोष्टी तोंडपाठ आहेत. त्यामुळे प्रवास म्हटला की त्यांचे सगळे लक्ष शेवटच्या टप्प्यावर असते. आगगाडी, एसटी, विमान ही सरकारच्या नाहीतर कंपनीच्या वेळापत्रकाने धावतात. शेवटचे पंचवीस-पन्नास किलोमीटर आपण आणि एक अनोळखी माणूस, एवढेच असतात.

आता आमची गोष्ट ऐका.

विमान मोपाला उतरले. पेडणे तालुक्यातला हा नवा विमानतळ, मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. ५ जानेवारी २०२३ पासून तिथे प्रवासी विमाने येऊ लागली. सामान घेऊन बाहेर आलो. नावाच्या पाट्या धरून पंधरा-वीस ड्रायव्हर उभे होते. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्या प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकल्या. म्हणून मी फोनवर खास सांगितले होते की पाटी आजींच्या नावाची करा आणि मराठीत करा. सासूबाई एकेका पाटीपाशी जाऊन पाहून आल्या. मराठीत एकही नव्हती.

अर्धा तास गेला. धाकटा रडू लागला. रिसॉर्टचा फोन कुणी उचलेना. शेवटी ड्रायव्हरचा नंबर मिळाला, तर तो म्हणतो, "ताई, मी केव्हाचा पाटी घेऊन उभा आहे. तुम्ही कुठल्या दारात आहात?"

तो दाबोळीला उभा होता.

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, हे मला ठाऊक होते. पण मी फोनवर फक्त "गोवा विमानतळ, दुपारी तीन दहा" एवढेच सांगितले. आमचे राहण्याचे ठिकाण दक्षिणेत, बाणावलीच्या बाजूला. तिथे येणारा माणूस वास्कोजवळच्या दाबोळीलाच उतरणार, असे रिसॉर्टवाल्यांनी गृहीत धरले. त्यांनी विमानाचा नंबर विचारला नाही, मी सांगितला नाही. दाबोळीहून बाणावली पंचवीस-तीस किलोमीटर, पाऊण तासाचा रस्ता. मोपाहून तेच अंतर सत्तरच्या घरात जाते आणि दोन तास सहज मोडतात.

सासूबाई बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे चिठ्ठी पोचली नाही."

भगिनींनो, तिकिटावर बारीक इंग्रजी अक्षरांत विमानतळाची खूण छापलेली असते. 'जीओआय' म्हणजे दाबोळी, 'जीओएक्स' म्हणजे मोपा. एका अक्षराचा फरक आहे, पण त्याने आमचे अडीच तास आणि दोन हजारांवर रुपये गेले. गाडी ठरवताना तोंडी वेळ सांगत बसू नका, सरळ तिकिटाचा फोटो पाठवा. त्यात विमानतळ आला, विमानाचा नंबर आला, तारीख आली. नंबर असला की विमान उशिरा येत आहे का, ते ड्रायव्हरला मोबाइलवर पाहता येते. नुसती वेळ दिली तर तो वेळेवर येऊन ताटकळतो आणि मग थांबण्याचे पैसे कोणी द्यायचे, यावरून पहिल्याच भेटीत तोंड वाजते. शिवाय विमान टेकले की माणूस बाहेर आला, असे होत नाही. पट्ट्यावरून सामान येईपर्यंत अर्धा तास धरावा, म्हातारे माणूस किंवा लेकरू सोबत असेल तर पाऊण.

भाड्याचे म्हणाल तर "किती घेणार?" एवढ्यावर थांबू नये. विमानतळाची पार्किंग त्यात धरली आहे का, रात्रीचा जादा आकार आहे का, किती मिनिटे फुकट थांबणार, हे मेसेजवर लिहून घ्यावे. माणसे किती आणि बॅगा किती, तेही कळवावे. आपल्याकडे पाच माणसे म्हणजे सात बॅगा, एक चटई आणि लाडवांचा डबा! काही गाड्यांच्या डिकीत गॅसची टाकी असते, तिथे दोन बॅगांच्या पुढे काही मावत नाही. मग मांडीवर बॅग घेऊन सत्तर किलोमीटर बसावे लागते.

आगाऊ पैसे मागितले तर थोडे द्यावेत, सगळे देऊ नयेत. आणि तेही रिसॉर्टचा नंबर दोन ठिकाणी पडताळून मगच. खोट्या नावाने गाड्या आणि खोल्या बुक करून देणारे भामटे आजकाल फार झाले आहेत. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचे नाव आदल्या दिवशी मागून घ्यावे. गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असली की ती भाड्याची टॅक्सी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर बसू नये. अशा गाडीला भाड्याने माणसे नेण्याचा परवाना नसतो आणि अपघात झाला तर विम्याच्या कटकटी आपल्या माथी येतात.

मुंबई-पुण्यात ओला-उबरची सवय झालेल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की त्या गोव्यात चालत नाहीत. तिथे 'गोवा माइल्स' हे ॲप २०१८ पासून आहे. विमानतळावर प्रीपेड टॅक्सीचा काउंटर आहे, पावती घेऊन बसता येते. आणि कदंब महामंडळाची बस दोन्ही विमानतळांवरून सुटते. सामान बेताचे असेल, पणजी किंवा मडगाव गाठायचे असेल, तर बसला कमीपणा मानू नये. खरे सांगायचे तर दक्षिणेकडचाच समुद्र पाहायचा असेल तर कोकण रेल्वे बरी. मडगाव स्टेशनवरून कोलव्याचा किनारा सहा-सात किलोमीटर आहे. पण नातीला आजीला विमानात बसवायचे होते, तिथे हिशेब कोण करणार!

आम्ही प्रीपेडची पावती फाडली. ड्रायव्हर पेडणे तालुक्यातलाच, पन्नाशीचा. त्याच्या घरची जमीन या विमानतळात गेली, म्हणून त्याने कर्ज काढून टॅक्सी घेतली होती. ह्यांनी भाडे जास्त वाटते म्हटल्यावर त्याने न चिडता समजावले. "साहेब, तुम्हाला बाणावलीला सोडले की मी इथपर्यंत रिकामा येणार. तिथल्या हॉटेलाबाहेरून मी माणूस उचलला तर तिथले टॅक्सीवाले भांडायला येतात. ते आमच्याकडून उचलायला आले तर आम्हीही जातो." त्याचे हे बोलणे मला पटले. एका फेरीत दोन फेऱ्यांचे डिझेल असते, ते आपल्याला दिसत नाही.

धारगळजवळ गाडी महामार्गाला लागली आणि पुढे कोलवाळ आले. या कोलवाळच्या मुशीर वाड्यावर १९३० मध्ये फादर हेरास यांना बुद्धमूर्ती सापडली होती. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या हेरास संस्थेत ती आहे. मी हे सांगितले तेव्हा सासूबाईंनी खिडकीतून बाहेर पाहत हात जोडले. ड्रायव्हरने आरशातून पाहिले आणि आडनाव विचारले. गाडीत क्षणभर शांतता झाली. ती शांतता तुम्ही ओळखता. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही बौद्ध आहोत. जयभीमवाले." तो म्हणाला, "असं होय. मावशी, एसी जास्त होत असेल तर सांगा." एवढेच. पुढे मांडवी ओलांडली, झुआरीचा नवा पूल आला, तेव्हा त्याने सासूबाईंना दोन्ही बाजूंची नदी दिसावी म्हणून गाडी हळू केली.

रिसॉर्टवर पोचलो तर दाबोळीवरून परतलेला तरुण ड्रायव्हर दारातच उभा. काउंटरवरचा माणूस म्हणाला की ठरलेल्या गाडीचे पैसे तुमच्या बिलात लागतील, कारण गाडी तर गेली होती. ह्यांचा आवाज चढला. आमची चूक, तुमची चूक, असे सुरू झाले. मीही भांडायच्या तयारीत होते. सासूबाईंनी त्या पोरालाच विचारले, "बिलात लागले तर तुला किती मिळणार?" तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला की माणूस आणला तरच फेरी लागते, नाहीतर डिझेल त्याच्या अंगावर.

माझे सासरे बेस्टमध्ये कंडक्टर होते. बुडालेली फेरी म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. शेवटी काउंटरवाल्याने बिलातले पैसे काढले, आम्ही डिझेलचे पैसे त्या मुलाच्या हातात दिले आणि परतीची फेरी त्यालाच सांगितली. मला तेव्हा ते पैसे देणे जड गेले, हे कबूल करते. आजही वाटते की निम्मे रिसॉर्टने द्यायला हवे होते.

परतीची गाडीही येतानाच ठरवून टाकावी, हा त्यातला धडा मात्र फुकट मिळाला. मोपाचे विमान असेल तर बाणावलीहून दोन तास रस्त्याचे आणि दोन तास विमानतळावरचे, शिवाय म्हापशाच्या बाजूला गर्दी लागते म्हणून अर्धा तास वर. सकाळी दहाचे विमान म्हणजे साडेपाचला दारात गाडी. आम्ही आदल्या रात्री त्या मुलाला तिकिटाचा फोटो पाठवला. त्याने लगेच उलट लिहिले, "मोपा. जीओएक्स. ५.३०." वाचून मला बरे वाटले.

तो पाच वाजून दहा मिनिटांनीच आला. अंधार होता. व्हरांड्यात सासूबाई पांढरे लुगडे नेसून तयार बसल्या होत्या. त्याने बॅगा चढवल्या आणि मग पुढच्या सीटखालून एक पुठ्ठा काढून त्यांच्यासमोर धरला. पहिल्या दिवशी दाबोळीला घेऊन उभा होता तीच पाटी. जाड स्केचपेनने मराठीत त्यांचे नाव लिहिलेले.

सासूबाईंनी चष्मा लावला, पाटी दिव्याखाली नेली आणि अक्षर अक्षर लावून वाचली.

"अनुस्वार राहिला की रे," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पेन मागितले.