गोंगाटातला संकेत – ६ : सहा मीटरचा दांडा
बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत १९७५ साली ‘आर्यभट्ट’ उपग्रहाची जुळणी झाली. त्याच जागी आता इस्रोची ‘लिओस’ ही प्रयोगशाळा आहे. ‘आदित्य-एल१’वरचा चुंबकत्वमापक तिथलाच. ११ जानेवारी २०२४ रोजी या यानानं आपला सहा मीटर लांबीचा घडीचा दांडा उघडला. दांड्याच्या टोकाला एक संवेदक आहे आणि अर्ध्यावर, तीन मीटरवर, दुसरा. मोजायचं क्षेत्र एकच, मग संवेदक दोन कशाला?

बेंगळुरूत जमिनीवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० हजार नॅनोटेस्ला भरतं. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, जिथं आदित्य आहे, तिथं सौरवाऱ्याबरोबर वाहत येणारं क्षेत्र एरवी जेमतेम पाच-सात नॅनोटेस्लांचं असतं. ते दक्षिणेकडे वळलं, की पृथ्वीच्या चुंबकीय कवचात ऊर्जा शिरते आणि तासाभरात इथल्या मापकांचे काटे डगमगू लागतात. मे २०२४मध्ये असंच मोठं वादळ आलं आणि लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं. म्हणजे ते पाच-सात नॅनोटेस्ला अचूक मिळायलाच हवेत. पण यानाच्या तारा, मोटारी आणि बॅटरीसुद्धा आपापलं क्षेत्र त्यात मिसळत असतात.

इथं भौतिकशास्त्राचा एक नियम मदतीला येतो. छोट्या चुंबकापासूनचं अंतर दुप्पट केलं, की त्याचं क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येतं. समजा, टोकाच्या संवेदकानं ७ दाखवले आणि मधल्यानं १४. सौरवाऱ्याचं क्षेत्र दोघांनाही सारखंच. यानाचं मात्र मधल्याला आठपट जाणवतं. दोन वाचनांतला फरक ७, म्हणजे यानाच्या वाट्याची सातपट. टोकाशी यानाचा वाटा १ आणि खरं क्षेत्र ६. प्रत्यक्षात यान म्हणजे एकच नीटस चुंबक नव्हे, विजेचे प्रवाहही सतत बदलतात. त्यामुळे वाचनांच्या लांबलचक मालिका घेऊन, तिन्ही दिशांसाठी, संख्याशास्त्रानं अंदाज बांधावे लागतात. गाभा मात्र एवढाच.

दोन ठिकाणी मोजून गोंगाट ओळखायची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. कुलाबा वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहानं या नोंदी नासणार हे उघड होतं, म्हणून अलिबागला नवी वेधशाळा बांधली गेली. संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी चालू ठेवल्या. ट्राम धावली १९०७मध्ये. ही दोन वर्षं वगळली असती, तर मालिकेत पडलेली पायरी जागा बदलल्यामुळे की पृथ्वीमुळे, हे पुढं कोणत्याही गणिताला सांगता आलं नसतं. मूस यांची ही दूरदृष्टी मला आजच्या कुठल्याही चतुर फिल्टरइतकीच मोलाची वाटते. बेंगळुरूच्या मेट्रोची ७५० व्होल्ट एकदिश वीज आजही हाच त्रास देऊ शकते, म्हणून चुंबकीय वेधशाळा शहरापासून दूरच शोभते.

गोंगाट वजा झाला, तरी काम उरतं. उरलेल्या चढउतारांत एखादी खरी लय आहे की नुसता योगायोग? भौतिकशास्त्रज्ञ आर्थर शुस्टर यांनी १८९८मध्ये यासाठी ‘पिरिऑडोग्राम’, म्हणजे कोणत्या कालावधीची लय किती तीव्र हे दाखवणारा आलेख, मांडला आणि लगेच ग्रीनिचच्या २५ वर्षांच्या चुंबकीय नोंदींवर वापरला. तोवर अनेकजण २६ दिवसांची लय सापडल्याचं सांगत. शुस्टर यांनी दाखवलं, की शुद्ध यादृच्छिक आकड्यांतही एखाद्या लयीची तीव्रता सरासरीच्या तिपटीहून जास्त निघण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. म्हणजे शंभर वेगवेगळे कालावधी तपासले, तर पाच ‘लयी’ कुठलंही कारण नसताना हाती लागतात. त्यामुळे शिखर किती उंच आहे याच्याबरोबरच, ते शोधताना किती ठिकाणी पाहिलं, हेही संशोधकानं सांगायला हवं.

या हिशेबात एक गृहीत दडलेलं आहे: आजचा आकडा कालच्या आकड्यावर अवलंबून नाही. चुंबकीय वादळ मात्र दोन-तीन दिवस रेंगाळतं. ज्युलियस बार्टेल्स यांनी ही गाठ कशी सोडवली आणि त्यातून सूर्याची २७ दिवसांची खरी लय कशी ठामपणे उभी राहिली, ते पुढच्या लेखांकात.