घोड्याच्या टापांखालची माती
मुंबई-पुण्याला घोड्यांच्या शर्यती हिरवळीवर होतात. अमेरिकेत बहुतेक मातीवर. तेथे धावता धावता पाय मोडून घोडे दगावत, म्हणून कॅलिफोर्नियाच्या शर्यत-मंडळाने २००६ साली मोठ्या रेसकोर्सांना कृत्रिम पट्टी सक्तीची केली. ही पट्टी म्हणजे मेणात घोळलेली वाळू, तीत कृत्रिम धागे नि रबराचे तुकडे. पावसातही ती एकसारखी राहावी, ही अपेक्षा. पण सांता अनिता येथे पाण्याचा निचराच होईना! २००८ च्या जानेवारीत शर्यती रद्द कराव्या लागल्या आणि २०१० साली तेथे पुन्हा माती आली. डेल मार येथेही २०१५ साली तेच घडले. निचऱ्याच्या दोषाची शिक्षा पट्टीला झाली, असे मला वाटते. कारण २०२३ साली उत्तर अमेरिकेत दर लाख धावांमागे मातीवर सुमारे १४३ घोडे दगावले, कृत्रिम पट्टीवर ९७.